तळ्याच्या काठावरच्या रेघा: आपल्या शिवाराचा समोच्च नकाशा वाचायला आणि काढायला शिकताना

भंडारा-गोंदियातला एखादा मामा (माजी मालगुजारी) तलाव घ्या, नाहीतर आमच्या यवतमाळकडचा पाझर तलाव. चैत्र-वैशाखात पाणी उतरायला लागलं की काठच्या गाळावर एकाखाली एक रेघा उमटत जातात. पाणी जिथे चार दिवस थबकलं तिथे एक रेघ, खाली सरकलं की दुसरी. साचलेल्या पाण्याचा पृष्ठभाग सपाट असतो, म्हणून त्या एका रेघेवरचा प्रत्येक खडा, प्रत्येक ढेकूळ एकाच उंचीवर असतं. समोच्च रेषा म्हणतात ती हीच.

त्या रेघांच्या कडेकडेने एक चक्कर मारा. काठ पसरट आहे तिथे रेघा दूर दूर दिसतील. काठ उभा आहे तिथे त्या एकमेकींना चिकटलेल्या असतील. आणि जिथे नाला तलावात उतरतो तिथे प्रत्येक रेघ नाल्याच्या पोटात शिरून, वरच्या अंगाला वळून, पलीकडून परत आलेली दिसेल. हे तीन प्रकार डोळ्यांनी पाहिले की समोच्च नकाशा वाचण्याचे मुख्य नियम तुम्हाला आले. मी नव्या मुलामुलींना शिकवायला बसतो तेव्हा लॅपटॉप उघडायच्या आधी त्यांना तलावावर नेतो, ते याचसाठी.

सारख्या उंचीची ती समोच्च रेषा, सारख्या पावसाची समपर्जन्य रेषा, सारख्या तापमानाची समताप, सारख्या वायुदाबाची समभार. या सगळ्या एकाच कुळातल्या. शाळेच्या भूगोलात यांना मिळून सममूल्य रेषा म्हणतात. विदर्भाचा समपर्जन्य नकाशा पाहिला तर बुलढाण्याकडच्या ७०० ते ८०० मिलिमीटरपासून गडचिरोलीकडच्या १,३०० मिलिमीटरच्या वरपर्यंत रेषा चढत गेलेल्या दिसतात. पश्चिमेला सोयाबीन-पऱ्हाटी आणि पूर्वेला धानाच्या बांध्या का, याचं निम्मं उत्तर त्या एका नकाशात आहे.

पण प्रत्येक आकड्याच्या अशा रेषा काढता येत नाहीत, आणि नवखा माणूस पहिल्यांदा इथेच चुकतो. कसोटी सोपी आहे. दोन मोजलेल्या जागांच्या मधोमध उभे राहा आणि विचारा, इथलं मूल्य त्या दोन मूल्यांच्या दरम्यान असेल असं मानायला काही आधार आहे का? उंचीला आहे, पावसाला आहे. लोकसंख्येला नाही, कारण दोन गावांच्या मधल्या वावरात मधली लोकसंख्या राहत नसते. तिथे तालुक्यागणिक रंग भरलेला क्षेत्रघनी नकाशाच हवा.

आधी कागदी नकाशा

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ सालची. या विभागाची १:५०,००० प्रमाणाची स्थलनिर्देशक पत्रकं, म्हणजे टोपोशीट, मिळवा. विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून ती उतरवून घेता येतात. या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचं ५०० मीटर अंतर. तपकिरी रंगाच्या बारीक रेषा समोच्च असतात आणि दर पाचवी रेषा जाड असते. दोन रेषांमधलं उंचीचं अंतर बहुधा २० मीटर असतं, पण गृहीत धरू नका, समासात छापलेलं असतं ते वाचा.

आता उतार काढा. समजा दोन शेजारच्या रेषा नकाशावर ८ मिलिमीटर दूर आहेत. जमिनीवर ते झाले ४०० मीटर. ४०० मीटर चालताना जमीन २० मीटर चढली, म्हणजे शेकडा ५ उतार. हा हिशेब दहा ठिकाणी हाताने करा आणि मगच संगणकाकडून उतार मागा, म्हणजे त्याने दिलेलं उत्तर खरं वाटतं की नाही हे तुम्हाला कळेल.

रेषा बंद वाटोळी असेल तर मध्ये टेकडी, असं बरेच जण पाठ करतात. विदर्भातल्या माणसाने तरी हे पाठ करू नये, कारण लोणार आपलं आहे. उल्कापातातून झालेल्या त्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवराभोवतीही रेषा वाटोळ्याच आहेत, फक्त आत जाऊ तशी उंची उतरत जाते. खोलगट भाग दाखवायला अशा रेषांना आतल्या बाजूने बारीक आडव्या काड्या काढायची पद्धत आहे. काड्या नसतील तर रेषेवरचे आकडे वाचायचे. आकडा न वाचता रेषेच्या आकारावरून अंदाज बांधू नका.

या रेषांचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यात एक धागा आपल्या जिल्ह्यांतून जातो. इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी १७०१ मध्ये अटलांटिक महासागराचा एक नकाशा छापला. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते, त्या ढळण्याच्या सारख्या मूल्यांच्या रेषा त्यात होत्या. स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगराची मोजणी १७७४ मध्ये सुरू झाली. तिच्या आकड्यांवरून डोंगराचं वस्तुमान काढताना गणितज्ञ चार्ल्स हटन यांनी सारख्या उंचीचे बिंदू रेषांनी जोडले. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्ट यांनी १८१७ मध्ये समताप रेषा आणल्या. आणि आपल्याकडे १८०२ मध्ये मद्रासजवळ ज्यांनी भारताची मोठी त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली ते विल्यम लॅम्बटन मोजणी करत उत्तरेला सरकताना १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. वर्धेकडे जाणं झालं तर बघून या.

मग नळी

कागदी नकाशाची मर्यादा लगेच जाणवते. २० मीटर अंतराच्या रेषांत पूर्णेच्या खोऱ्यातलं अख्खं शिवार दोन रेषांच्या मध्ये बसू शकतं. धुऱ्यावरून पाणी कुठे जातं हे तिथे कळत नाही. त्यासाठी जमिनीवर रेषा आखायला शिका. लागतं काय, तर दहा-पंधरा मीटर पारदर्शक नळी, दोन सरळ काठ्या, त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा, पाणी आणि चुन्याची फक्की. पाणलोटाची कामं झालेल्या बऱ्याच गावांत ही नळी कुणाच्या तरी घरी पडलेली असते.

नळीत पाणी भरताना बुडबुडा राहिला तर सगळं माप चुकतं, म्हणून भरल्यावर नळी सावकाश झटकून तिची लांबीभर पाहणी करा. पाण्यात चिमूटभर नीळ टाकली तर पातळी उन्हातही ठळक दिसते. दोन्ही काठ्या आधी शेजारी शेजारी एकाच दगडावर उभ्या करा. दोन्हीकडे आकडा सारखाच आला पाहिजे. चालताना नळीची तोंडं अंगठ्याने बंद, वाचताना दोन्ही उघडी. पहिला माणूस खुणेवर उभा राहतो, दुसरा उताराला आडवा चालतो आणि आकडे जुळेपर्यंत वर-खाली सरकतो. ज्याच्या काठीवर आकडा जास्त, तो खोलगटात उभा आहे हे लक्षात ठेवा. आकडे जुळले की फक्कीची खूण करायची आणि पहिल्याने दुसऱ्याच्या जागी यायचं. असे वीस-पंचवीस टप्पे झाले की वावरात पांढरी वळणदार रेघ दिसते. ती क्वचितच सरळ असते. बरडावर तर ती इतकी वळते की शेतकरी विचारतो, तिफन इतकी वळवायची कशी? त्यावर माझं सांगणं असं की लहान वळणं ओढून सरळ करा, मोठी वळणं सोडू नका.

हे काम मी आग्रहाने आधी सांगतो त्याला कारण आहे. सुरुवातीच्या दिवसांत मी एका गावासाठी उपग्रहाच्या आकड्यांवरून एक-एक मीटरच्या रेषा काढल्या. नकाशा फार देखणा दिसत होता. त्यावरून मोबाइल हातात धरून आम्ही समतल चराची, म्हणजे पाणी अडवायला सारख्या उंचीवरून खणायच्या चराची, आखणी केली, नळी लावलीच नाही. पहिल्या मोठ्या पावसात चरातलं पाणी एका टोकाला धावलं, तिथला भराव फुटला आणि खालच्या वावरातलं उगवून आलेलं सोयाबीन गाळाखाली गेलं. दुसऱ्या दिवशी नळी लावली तेव्हा कळलं, चराला एका टोकाकडे सरळ ढाळ होता. त्या वावराच्या मालकीणबाई मला एवढंच म्हणाल्या, "भाऊ, पाण्याले इचारलं असतं तं सांगितलं असतं त्यानं." तेव्हापासून आखणी नळीवर आणि नियोजन संगणकावर, हा माझा नेम आहे.

संगणकावर रेषा काढताना

क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं मोफत सॉफ्टवेअर आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. त्याला लागतो उंचीचा डेटा, म्हणजे डीईएम. हा एक चौकटींचा पट असतो आणि प्रत्येक चौकटीत उंचीचा एक आकडा. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीचा मोठा भाग मोजला, त्याचा एसआरटीएम डेटा ३० मीटरच्या चौकटींत फुकट मिळतो. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कार्टोसॅट उपग्रहापासून बनवलेला कार्टोडेमही आहे. एसआरटीएमच्या तुकड्याचं नाव त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून असतं. २० उत्तर, ७८ पूर्व या नावाच्या तुकड्यात वर्धा आणि यवतमाळ ही दोन्ही शहरं येतात.

फाइल उघडल्यावर लगेच रेषा काढायचा मोह होईल, पण आधी प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, बदला. उतरवलेल्या फाइलीत आडवं अंतर अंशांत असतं आणि उंची मीटरमध्ये. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. अंश आणि मीटर एकत्र करून काढलेला उतार निव्वळ निरर्थक येतो. विदर्भाला इथे एक खास अडचण आहे. यूटीएम हे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून अंतर मीटरमध्ये देणारं प्रक्षेपण, आणि त्याच्या ४३ आणि ४४ या दोन पट्ट्यांची सीमा ७८ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि ती आपल्या मधून जाते. बुलढाणा, अकोला, वाशीम ४३ मध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधला प्रक्षेपणाचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ४४ मध्ये, म्हणजे ईपीएसजी ३२६४४. यवतमाळ जिल्हा दोन्हीकडे पसरलेला आहे, तिथे तुमचं गाव रेषेच्या कुठल्या बाजूला आहे ते पाहा आणि एका कामात एकच पट्टा ठेवा. रास्टर मेनूतल्या प्रोजेक्शन्समधलं वार्प वापरा आणि रिसॅम्पलिंगला बायलिनिअर निवडा. मूळचा पर्याय तसाच ठेवला तर रेषांना जिन्यासारखे दाते येतात.

मग गावापुरता भाग कापून घ्या, पण गावाच्या सीमेवर कापू नका. चहूबाजूंनी किलोमीटर-दोन किलोमीटर जास्त ठेवा. तुमच्या नाल्यात येणारं पाणी शेजारच्या शिवारातून येतं, त्याला महसुली हद्द माहीत नसते.

आता रास्टर मेनूत एक्स्ट्रॅक्शन, त्यात कंटूर. अंतर विचारलं जाईल तिथे १० लिहा. पाच मीटरच्या रेषा टेकडीच्या भागात चालून जातात, त्याखाली जाऊ नका. एसआरटीएमच्या उंचीतली चूक काही मीटरची असते, मोहिमेचं अचूकतेचं उद्दिष्टच १६ मीटरच्या आतलं होतं. शेजारशेजारच्या चौकटींची आपसातली तुलना त्याहून बरी येते, म्हणून टेकडी-नाल्याचा आकार ओळखू येतो. पण त्या आकड्यांतून एक मीटरची रेषा मागितली तर संगणक नाही म्हणत नाही. तो मुकाट्याने काढून देतो, आणि ती रेषा खोटी असते. शिवाय रडारला जमिनीऐवजी पुष्कळदा झाडांचे शेंडे दिसतात. मेळघाटातल्या दाट सागवानात रेषा विनाकारण फुगलेली दिसली तर तिथे टेकाड आहे असं समजू नका.

रेषा आल्या की प्रत्येकीला उंचीचा आकडा लावा. उंचीला ५० ने भागून बाकी शून्य येते त्या रेषा जाड करा, म्हणजे डोळा भरकटत नाही. मागे उपग्रहचित्र ठेवा आणि नाले तपासा. नाल्यावर रेषेचं टोक वरच्या अंगाला वळलेलं असलं पाहिजे, तलावाच्या काठी पाहिलं होतं तसं. टेकडीच्या सोंडेवर उलट, टोक खालच्या अंगाला. नाला एकीकडे आणि रेषांची वळणं दुसरीकडे जात असतील तर डेटा त्या जागी कच्चा आहे. तिथे नळी घेऊन जावं लागेल अशी खूण नकाशावरच करा.

मोबाइलच्या जीपीएसने उंची मोजून हा नकाशा पडताळायचा विचार मनात येईल. तो करू नका. साध्या मोबाइलची उंची बरीच मीटर इकडे-तिकडे होते. त्यात काही अ‍ॅप समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतात आणि काही पृथ्वीच्या गणिती पृष्ठभागापासूनची. विदर्भात या दोहोंतला फरक ५० मीटरांहून जास्त आहे.

विहिरींच्या पाण्याच्या रेषा

जमिनीची उंची कुणीतरी आधी मोजून ठेवलेली असते. विहिरींचं तसं नाही, तो डेटा तुम्हालाच गोळा करायचा आहे, म्हणून शिकायला यासारखं दुसरं काम नाही. गावातल्या पंधरा-वीस विहिरी निवडा, शक्यतो सगळीकडे पसरलेल्या. एका दिवसात, फार तर दोन दिवसांत सगळ्या मोजा. मोटार सुरू व्हायच्या आधी, सकाळी मोजा, कारण उपसा सुरू असलेल्या विहिरीतली पातळी त्या विहिरीपुरतीच खाली गेलेली असते. टेप कठड्यावरून सोडला असेल तर कठड्याची उंची वजा करा. बोअरवेलचे आकडे वेगळे ठेवा. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात विहीर वरच्या मुरमातलं पाणी दाखवते आणि बोअर खालच्या फटीतलं. दोन्ही एका रेषेत गुंफले तर ती रेषा कुठल्याच पाण्याची राहत नाही.

आता नीट लक्ष द्या, इथे मी शिकलेसवरलेले लोकही गोंधळताना पाहिले आहेत. जमिनीपासून पाणी किती खोल आहे, हा एक नकाशा. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून किती उंच आहे, हा दुसरा. टेकडीवरच्या विहिरीत पाणी १२ मीटर खोल आहे आणि नाल्याकाठच्या विहिरीत ४ मीटर. नुसती खोली पाहिली तर टेकडीवर पाणी खाली आहे असं वाटेल. पण टेकडीवरची जमीन ३४० मीटरवर आणि नाल्याकाठची ३१५ मीटरवर असेल, तर पाण्याची पातळी अनुक्रमे ३२८ आणि ३११ मीटर झाली. म्हणजे भूजल टेकडीकडून नाल्याकडे सरकतं आहे. पाणी कुठून कुठे जातं हे शोधायचं तर दुसराच नकाशा लागतो, आणि रेषांना काटकोनात, जास्तीकडून कमीकडे बाण काढायचे. विहिरींच्या तोंडांची उंची मात्र डीईएमवरून घेऊ नका. तिथली काही मीटरची चूक सगळा निष्कर्ष उलटवू शकते. डंपी लेव्हलवाला (दुर्बिणीच्या यंत्राने उंची मोजणारा) मिळाला तर उत्तम, नाहीतर नळीने टप्प्याटप्प्याने उंची नेत जा. वेळ लागतो, तो द्यावा.

या मोजमापांचा तक्ता संगणकात भरताना अंक इंग्रजी वापरा. देवनागरी अंक भरले तर सॉफ्टवेअर त्यांना मजकूर समजतं. क्ष म्हणजे रेखांश, य म्हणजे अक्षांश. उलटं भरलंत तर तुमचं २० उत्तर, ७८ पूर्वेचं गाव ७८ उत्तर, २० पूर्वेला, थेट आर्क्टिकमधल्या स्वालबार बेटांपाशी जाऊन बसेल. बिंदू नकाशावर नीट बसले की प्रोसेसिंग टूलबॉक्समधून आयडीडब्ल्यू किंवा टिन (विहिरी त्रिकोणांनी जोडणारी पद्धत) निवडून न मोजलेल्या मधल्या जागांचा अंदाज भरा आणि त्यावरून कंटूर काढा. आयडीडब्ल्यू जवळच्या विहिरीला जास्त वजन देतं, त्यामुळे एकेका विहिरीभोवती गोल वलयं येतात. ती वलयं पद्धतीतून आलेली असतात, जमिनीत तसं काही नसतं. टिन बाहेरच्या विहिरींना जोडणाऱ्या हद्दीपलीकडे काहीच काढत नाही, आणि ते मला जास्त प्रामाणिक वाटतं. हाताने, पेन्सिलीने एकदा काढून बघाच. नाला कुठे, दगडाची धार कुठे, हे तुम्हाला माहीत असतं.

खारपाणपट्ट्यातल्या मुलांनी हेच काम पाण्याच्या क्षारांवर करावं. अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या पूर्णाकाठच्या गावांत एक विहीर गोड आणि पलीकडची खारट असते. विरघळलेल्या क्षारांचं मोजमाप, म्हणजे टीडीएस, दर विहिरीचं घ्या. इथे समान अंतराच्या रेषांपेक्षा दोनच रेषा ठळक काढा, लिटरमागे ५०० आणि २,००० मिलिग्रॅमच्या. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ५०० पर्यंत क्षार चांगले, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० ही शेवटची मर्यादा. २,००० ची रेषा गावाच्या कुठल्या अंगाने जाते हे ग्रामसभेत एका नजरेत कळतं.

छापील प्रत काढाल तेव्हा कोपऱ्यात डेटा कुठला, मोजणीची तारीख, यूटीएमचा पट्टा, रेषांचं अंतर आणि मोजलेल्या जागांची संख्या लिहा. मोजलेले बिंदू रेषांसोबत दिसू द्या, म्हणजे बघणाऱ्याला कळतं कुठली रेषा विहिरीजवळून जाते आणि कुठली मधल्या रिकाम्या जागेतून. रिकाम्या जागेतली रेषा तुटक काढा.

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून गेला की ती प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून निघा. पाणी कुठल्या धुऱ्यावर अडलं, कुठून फुटलं, पांदणीवर कुठे साचलं, ते पेन्सिलीने त्याच कागदावर उतरवा. बरोबर एखादी म्हातारी-म्हातारा घ्या, ज्यांनी तीस-चाळीस पावसाळे त्या शिवारात काढले आहेत. त्यांचं बोट आणि तुमची रेषा जिथे जुळत नाही तिथे गोल करा. पुढच्या वेळी नळी तिथूनच लावायला सुरुवात करायची.